टक्कर चालू, टक्कर बंद

एका कॉम्प्युटरवर उडवलेलं विमान दुसऱ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर दिसलं, त्या दुपारी मी खुर्चीतून उठून खरंच मागे बघून आले होते. दोन हजार सालाच्या आगेमागेची गोष्ट. महाडच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत माझा कॉम्प्युटर क्लास होता. पत्र्याची खोली, चार मशिन, घरघरणारा एक पंखा आणि दारावर मीच मार्करने लिहिलेली ‘चपला बाहेर’ ही सूचना, जी कुणीही पाळत नसे. सगळ्यांची छपाई एकाच प्रिंटरवर व्हावी म्हणून मी चारही मशिन वायरने जोडली होती. पुस्तक मांडीवर उघडं ठेवून दोन दिवस खपले होते. त्या वायरीतून विमानं जातील असं माझ्या डोक्यातही नव्हतं.

विमानं आणली चाचांनी. चाचा आमचे शेजारी, बाबांचे शाळेपासूनचे दोस्त. आखातात अठरा वर्षं क्रेन चालवून ते कायमचे परत आले, तेव्हा वीर स्टेशनवरून आलेल्या रिक्षातून ब्लँकेटं, अत्तर आणि खजूर यांच्याबरोबर एक खोकं उतरलं. त्यात तीन जॉयस्टिक आणि खेळाची एक सीडी होती. जुन्या महायुद्धातली लढाऊ विमानं. तिकडे शुक्रवारच्या सुट्टीत त्यांच्या खोलीतली माणसं म्हणे हाच खेळ खेळत.

“बेटा, तुज्या मशिनवर चालंल काय हा?” त्यांनी विचारलं.

चालला. रविवारी क्लास बंद असे, त्यामुळे दुपारी दोन मशिन लावून आम्ही एकमेकांकडे पाठ करून बसलो. माझ्या आभाळात आधी एक ठिपका आला. ठिपका मोठा झाला, त्याला पंख फुटले, आणि अगदी जवळून जाताना ते विमान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कललं. म्हणजे माझ्या पाठीमागे बसलेल्या चाचांनी दांडी डावी-उजवी केली होती. मी उठून मागे पाहिलं. ते गालातल्या गालात हसत होते. माझ्या अंगावर काटा आला. चार हातांवर बसलेला माणूस मला तिकडे, त्या आभाळात भेटून गेला होता.

त्याहून मोठं नवल पुढे होतं. ज्याच्या मशिनवरून खेळ सुरू होई, त्याच्यासमोर आधी एक पान उघडे. ऊन की ढग, सकाळ की संध्याकाळ, धुकं घालायचं का, इंधन संपणारं की न संपणारं, गोळ्या किती, विमानांवर नावांच्या पाट्या दाखवायच्या का. आणि सगळ्यांत खाली, प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे वेगळी ओळ : टक्कर चालू की बंद. चालू असेल तर डोंगराला लागलं की विमान संपलं. बंद असेल तर जरासा हादरा बसायचा आणि विमान पुढे निघायचं. कोणी मरायचं आणि कोणी नाही, हे माझ्या हाताखालच्या एका टिचकीवर होतं. घरात पंखा किती नंबरवर ठेवावा हेही मला कुणी विचारत नसे, आणि इथे सूर्य कधी उगवायचा ते मी ठरवत होते! मी त्या पानाकडे किती वेळ बघत बसले असेन, सांगता येत नाही.

आता बाबांबद्दल सांगायला हवं, कारण हे सगळं त्यांच्यामुळेच लक्षात राहिलं आहे.

बाबा मालट्रकवर ड्रायव्हर होते. महाड, पोलादपूर, मग आंबेनळी घाट चढून वर आणि पलीकडे वाईपर्यंत. सव्वीस वर्षं हाच रस्ता. त्या वर्षी आषाढात बटाट्याच्या गोणी घेऊन उतरताना पहाटे त्यांचा ट्रक कठड्याला धडकला. कठडा फुटला, पुढचं डावं चाक दरीवर लटकलं. क्लीनरकाकांनी उडी टाकून मागच्या चाकांना दगड लावले म्हणून ट्रक थांबला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण बाबा तिथून चालत पोलादपूरला आले, मालकाच्या हातात किल्ली ठेवली आणि म्हणाले, “मी आता गाडीला हात लावणार नाय.”

मालक भला माणूस. “धुक्यात कुणाचंबी होईल,” तो म्हणाला. आईने गल्लीभर सांगितलं, धुकं होतं. क्लीनरकाका तर विचारायच्या आधीच सांगत, “काय धुकं होतं म्हाराजा! स्वताचा हात दिसत नव्हता.” मालकाने दसऱ्यापर्यंत जागा रिकामी ठेवायचं कबूल केलं. दसऱ्याला ट्रकची पूजा होते, तेव्हा स्टिअरिंगवर कोणीतरी बसलेलं हवं. तोवर बाबांचं मन वळलं तर ठीक, नाहीतर दुसरा ड्रायव्हर. आणि बाबा तर रिक्षातसुद्धा बसेनात. बाजारात चालत, दवाखान्यात चालत, पाच मैलांवरच्या लग्नालाही चालत. ओट्यावर बसले की उजवा पाय आपोआप ब्रेक दाबल्यासारखा खाली जायचा. ते बघून मला रडू यायचं आणि रागही यायचा. कसला राग, ते तेव्हा कळत नव्हतं.

एका रविवारी चाचांनी त्यांना हाताला धरून क्लासात आणून बसवलं. मागोमाग क्लीनरकाकाही आले. ते बाबांपेक्षा दोन वर्षांनी मोठेच, पण आयुष्यभर बाबांना ‘उस्ताद’ म्हणत आले. उस्ताद घरी बसल्यावर त्यांनीही दुसऱ्या कुणाच्या गाडीवर पाय ठेवला नव्हता. दर रविवारी डोंगरावरच्या वाडीतून उतरून ते आमच्याकडे यायचे आणि बाबांजवळ गप्प बसून संध्याकाळी परत जायचे. आता ते माझ्या क्लासात बसू लागले.

पहिल्याच खेळात चाचा ओरडले, “माज्या गोळ्या संपल्या, हिच्या कशा संपत नाय?”

मी आपल्या गोळ्या न संपणाऱ्या करून ठेवल्या होत्या. शिक्षिका असले म्हणून काय झालं?

“हे कोन ठरवतं गो?” क्लीनरकाकांनी विचारलं.

“मी. ज्याच्या मशिनवर खेळ सुरू होतो तो ठरवतो.”

“एकटी?”

“हो.”

“मग ही पाटीलकी झाली,” ते म्हणाले आणि त्यांनी जॉयस्टिक खाली ठेवली.

काकांच्या वाडीत शिमग्याची पालखी आधी कुणाच्या दारात जाणार इथपासून पाण्याच्या पाळीपर्यंत सगळं गावकीत ठरतं. सगळे बसतात, एकेकाला विचारतात, आणि सगळ्यांनी हो म्हटल्याशिवाय कुणी उठत नाही. एकदा ठरलं की एकट्याने बदलायचं नाही. बदललं, तर त्याने सगळ्यांसमोर उभं राहून चूक सांगायची आणि नारळ ठेवायचा. काकांनी हा कायदा जसाच्या तसा माझ्या क्लासात आणला. दर खेळाआधी चार खुर्च्या मध्यभागी वळवायच्या, मी पान मराठीत वाचून दाखवायचं आणि एकेका ओळीवर सगळ्यांचा होकार घ्यायचा.

मी आधी वैतागले. अर्धा तास गावकी, वीस मिनिटं खेळ! पण हळूहळू माझ्यावर तोंडात बोट घालायची वेळ आली. या तिघांनी आयुष्यात कधी कीबोर्डला हात लावला नव्हता, आणि ते पान त्यांनी माझ्याहून जास्त ओळखलं. “डिझेल संपलंच पायजे,” बाबा म्हणाले, “नायतर माणूस कसाबी हाकील.” चाचांनी गोळ्या मोजक्या ठेवायला लावल्या. काकांना नावांच्या पाट्या हव्या होत्या, कारण त्याशिवाय त्यांना आपला कोण आणि दुसरा कोण ते कळत नसे. सकाळचा प्रहर सगळ्यांना मान्य. धुक्याची ओळ आली की मात्र कुणी तोंड उघडायच्या आत काका म्हणायचे, “धुकं नको. पुढं वाच.” टक्करीवर काही बोलणंच झालं नाही. ती चालूच असणार, यात विचारायचं काय, असं सगळ्यांनी धरलं.

मग बाबांची पाळी आली. विमान त्यांनी छान उचललं, दोन डोंगरांमधल्या दरीत शिरले आणि तिसऱ्या वळणावर कड्याला लागले. पडदा लाल झाला. बाबा उठले. चेहरा चुन्यासारखा पांढरा. बाहेर गेले आणि पुढचे दोन रविवार क्लासाकडे फिरकले नाहीत. त्या दोन आठवड्यांत ते घरातही कुणाशी बोलले नाहीत.

तिसऱ्या रविवारी चाचा त्यांना पुन्हा घेऊन आले. गावकी बसली, ठरायचं ते ठरलं. मी माझ्या मशिनकडे वळले आणि बाबांच्या नावापुढची टक्कर बंद केली. पान इंग्रजीत होतं आणि वाचणारी मी एकटीच होते. कुणाला कळणार होतं?

पुढचे तीन रविवार मी जे पाहिलं त्याने थक्क झाले. बाबा जॉयस्टिक मुठीत आवळत नसत, दोन बोटांनी धरत. वळणाच्या आधीच ती हलकीशी झुकलेली असे. चाचा आणि मी वळण दिसल्यावर वळायचो. बाबांना ते आधीच ठाऊक असायचं. पडद्यावरच्या काट्यांची नावं त्यांना वाचता येत नव्हती, पण उंचीचा कुठला, वेगाचा कुठला, हे त्यांनी एका दुपारीत हेरलं. दरीतून जाताना ते पुटपुटत. आधी मला वाटलं जप करतायत. मग लक्षात आलं, मोजतायत. “एक, दोन, तीन, चार, डावी. एक, दोन, उजवी, चढ.” सव्वीस वर्षं त्यांनी घाटही असाच मोजला असणार, आणि मी त्यांची मुलगी असून मला ते माहीत नव्हतं. मी त्यांच्या शेजारी कितीदा बसून गेले होते, पण खिडकीतून बाहेर बघत. घरीही ते जरा खुलले. एकदा आईने केलेल्या माशाच्या कालवणाला नावंसुद्धा ठेवली. आई इतकी खूश झाली की उलट बोललीच नाही.

आणि मग तो रविवार आला. बाबा दरीतून खूप खाली उडत होते. चाचा त्यांच्या मागावर होते, म्हणून बाबांनी एकदम पोटाशी कडा घेऊन वळवलं. पडदा हादरला. विमान पुढे निघालं. चाचांनी “वाहवा!” केलं.

बाबांनी जॉयस्टिक सोडली.

“बाय,” ते मला म्हणाले, “मी डोंगराला लागलो ना आता?”

“नाही बाबा. थोडक्यात वाचलात.”

“लागलो. गाडी घासली की मला कळतं. मग मी पुढं कसा गेलो?”

मी काहीतरी बोलायचं म्हणून खेळच तसा आहे, कधीकधी होतं तसं, असं सांगू लागले. पण बाबा माझ्याकडे बघत नव्हते. ते काकांकडे बघत होते. काका जमिनीकडे. तेवढ्यात चाचा उठून माझ्या मशिनपाशी आले. आखातात अठरा वर्षं काढलेल्या माणसाला चालू आणि बंद एवढं इंग्रजी येतंच. त्यांनी मला ते पान पुन्हा उघडायला लावलं, बाबांच्या नावापुढची ओळ वाचली आणि हळूच म्हणाले, “बेटा, हे काय केलं तू?”

मला आधी रागच आला. ज्याच्यासाठी केलं तोच मला गुन्हेगार ठरवणार? पण मग बाबांचा चेहरा पाहिला. ते चिडले नव्हते. गेले तीन रविवार त्यांना जे मिळालं होतं, ते कुणीतरी हातातून काढून घेतल्यासारखे बसले होते. मला एकदम लाज वाटली, इतकी की कान तापले. मी काकांकडे पाहिलं. काकांनी मान हलवली. कायदा म्हणजे कायदा.

मी समोरच्या दुकानातून नारळ आणला. चार खुर्च्या मध्यभागी ओढल्या, नारळ मधे ठेवला आणि उभी राहिले.

“ठरलेलं मी एकटीने बदललं,” मी म्हणाले. “बाबांची टक्कर बंद केली. तुम्ही पुन्हा घाबराल म्हणून. चुकले.”

पंखा घरघरत होता. बाबांनी पुढे होऊन नारळ थोडा बाजूला सरकवला.

“आता चालू कर,” ते म्हणाले. “आनि धुकं घाल.”

“उस्ताद, धुकं नको,” काका म्हणाले.

“गावकीला विचार.”

मी विचारलं. चाचा हो म्हणाले. माझा हो तोंडातून निघेना, पण निघाला. हाताच्या रेषांकडे बघत शेवटी काका म्हणाले, “हो.”

मी असेल तेवढं धुकं घातलं. पडद्यावर नुसतं पांढरं. मी दुसऱ्या वळणावर कड्याला लागले, चाचा तिसऱ्यावर. काकांनी विमान उचललंच नाही. आम्ही तिघं बाबांच्या मागे जाऊन उभे राहिलो. समोर काही म्हणजे काही दिसत नव्हतं. दोन काटे, एक घड्याळ, आणि त्यांचा आवाज. “एक, दोन, तीन, चार, डावी.” दांडी झुकली. “एक, दोन, उजवी, चढ.” वेग त्यांनी इतका कमी ठेवला होता की विमान पडेल असं मला वाटत होतं. एकदा डाव्या अंगाला काळ्या कड्याची सावली आली आणि गेली. ते बिचकले नाहीत, कारण ती तिथे येणार हे त्यांना ठाऊक होतं. मी त्या आभाळाची मालकीण होते म्हणे, आणि हा माणूस त्यात डोळे मिटल्यासारखा चालला होता. दरी संपली. धुक्याखालून एकदम धावपट्टी आली आणि विमान तिच्यावर टेकलं. मी त्याआधी आणि त्यानंतर असं काही पाहिलेलं नाही.

चाचांनी टाळी वाजवायला हात वर केले. बाबा त्यांच्याकडे वळले.

“बगितलंस? धुक्यात मी लागत नाय. सव्वीस वर्षांत एकदाबी नाय.” ते म्हणाले. “त्या दिवशी धुकं नव्हतंच. खालची दरी सगळी दिसत होती. मला झोप लागली.”

बाबा काकांकडे वळले. “तू मेला असतास. माज्यामुळं. आनि तूच सगळ्यांना धुकं, धुकं सांगत फिरलास. मग मी बोलू कुनाशी?”

“मी जागाच होतो, उस्ताद,” काका म्हणाले. “तुमचे डोळे मिटताना बगितले. हाक मारायला उशीर झाला. म्हनून सांगत होतो धुकं.”

इतके महिने दोघंही एकमेकांशेजारी गप्प बसत होते, ते हे घेऊन. आणि आम्ही बाकीचे, मालक, आई, मी, त्यांना टक्कर बंद करून देत होतो. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. काका तर लहान पोरासारखे रडले. चाचांनी नारळ फोडला, कारण कुणीतरी काहीतरी करायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी बाबा चालत मालकाकडे गेले आणि सगळं सांगून आले. हातात किल्ली नव्हती. मालकाने बराच वेळ विचार करून अट घातली होती : दुसरा ड्रायव्हर गाडी चालवील, बाबांनी आठ दिवस बाजूला, क्लीनरच्या जागेवर बसायचं. मग बघू. मला वाटलं, बाबा नाही म्हणतील. सव्वीस वर्षं ज्याला लोक उस्ताद म्हणतात तो काय डाव्या बाजूला बसणार? पण ते बसले. काकांना मधे सरकवून आठ दिवस बसले, घाट चढले, घाट उतरले, आणि वाटेत चाकांखाली दगडसुद्धा लावले. मी क्लासात शिकवत असायचे आणि माझं लक्ष लागायचं नाही.

नवव्या दिवशी, दसऱ्याला अजून चार दिवस असताना, दुपारी ते जेवायला आले तेव्हा खिशात किल्ली होती. गाडी तीन वाजता काढायची होती. आईने किल्ली पाहिली, देवाला हात जोडले आणि ताट वाढता वाढता म्हणाली, “पन धुकं दिसलं की गाडी बाजूला घ्यायची हां.”

तिला अजून कुणी सांगितलेलं नव्हतं. चाचांनी नाही, मीही नाही. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी घास खाली ठेवला.

“धुकं नव्हतं गो,” ते म्हणाले. “मला झोप लागली होती.”

आईचा हात वाढता वाढता थांबला. मग तिने भात वाढला, त्यावर आमटी घातली.

“मग जेवा, आनि दोन तास पडा,” ती म्हणाली. “मालकाला मी सांगते, गाडी पाचला निघंल.”